ऑटो-वाह घुरघुरतो तेव्हा: एन्व्हलप फॉलोअरच्या आत काय घडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ व्होल्टवर चालणारा ऑटो-वाह, म्हणजे वाजवण्याच्या जोरानुसार फिल्टर आपोआप उघडणारा-मिटवणारा गिटार पेडल, ब्रेडबोर्डवर बांधलाय. टीएल०७२ या दोन ऑप-अँपच्या (अँप्लिफायरच्या) चिपच्या एका भागाने गिटारचा सिग्नल वीसपट मोठा केला. त्याच्या आउटपुटवरून १एन४१४८ डायोड सरळ १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरकडे नेला, कपॅसिटरला समांतर ४७ किलोओहम लावले, आणि तिथूनच १ किलोओहममधून एलईडी पेटवला. एलईडीसमोर एलडीआर, म्हणजे उजेडानुसार बदलणारा रेझिस्टर, आणि तो फिल्टरमध्ये. तक्रारी तीन आहेत. गिटार न छेडताही एलईडी पेटलेला राहतो आणि कपॅसिटरवर मीटर ३.८ व्होल्ट दाखवतं. हळू वाजवलं तर फिल्टर जागचा हलत नाही. आणि जाड ई तार जोरात वाजवली की आवाज गुळण्या केल्यासारखा घुरघुरतो. १ च्या जागी १० मायक्रोफॅरड लावला तर भागेल का, आणि मुळात एन्व्हलप फॉलोअर, म्हणजे वाजवण्याचा जोर मोजणारा हा भाग, चालतो कसा, असं तुम्ही विचारलंय.

नुसता कपॅसिटर वाढवून भागणार नाही. तिन्ही तक्रारींचं मूळ कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे यात नाहीच. ते दोन ठिकाणी आहे: डायोड कुठल्या पातळीवर उभा आहे, आणि साठवलेला चार्ज कोण पिऊन टाकतंय. हे दोन्ही समजले की एन्व्हलप फॉलोअर बराचसा समजला.

तार छेडली की पिकअपमधून येणारा सिग्नल शून्याच्या वर-खाली झुलत राहतो. जाड ई तार सेकंदाला ८२.४ वेळा झुलते, म्हणजे एक आवर्तन साधारण १२ मिलिसेकंदांचं. या झुलण्याची सरासरी शून्यच येते, तार कितीही जोरात वाजवा. आपल्याला हवंय ते वेगळंच. या आवर्तनांचे माथे जोडत एक रेषा काढली, तर ती छेडताक्षणी झटकन वर चढते आणि मग सेकंद दोन सेकंद उतरत जाते. ती रेषा म्हणजे एन्व्हलप. ती सिग्नलमध्ये तयार अशी कुठेच नसते, तयार करावी लागते. त्यासाठी आधी सिग्नलची एक बाजू ठेवायची, हे रेक्टिफायरचं काम. मग माथ्यांमधल्या दऱ्या बुजवायच्या, हे कपॅसिटरचं. हाताशी येतो तो एक सावकाश बदलणारा डीसी व्होल्टेज. त्याने मग फिल्टर हलवा, आवाज कमी-जास्त करा किंवा डिलेची पुनरावृत्ती दाबा.

आता तुमच्या सर्किटकडे पाहू. नऊ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर ऑप-अँप शून्याभोवती झुलू शकत नाही, म्हणून आपण त्याला ४.५ व्होल्टवर बायस करतो. म्हणजे गिटार गप्प असतानाही त्याच्या आउटपुटवर ४.५ व्होल्ट उभेच असतात. डायोडला सिग्नल कुठला आणि बायस कुठला हे कळत नाही. तो स्वतःचे ०.६-०.७ व्होल्ट वजा करून उरलेले ३.८ पुढे ढकलतो. तुमच्या मीटरने दाखवलेले ३.८ व्होल्ट ते हेच. त्यातून लाल एलईडीचे १.८ व्होल्ट गेले की १ किलोओहमवर २ व्होल्ट उरतात, म्हणजे शांततेतही एलईडीमधून २ मिलिअँपिअर वाहतायत.

दुसरी तक्रार यातूनच निघते. हळू वाजवलेली नोट पिकअपवर २० मिलिव्होल्टची धरली, तर वीसपट होऊन तिचे ०.४ व्होल्ट होतात. एलईडीचा करंट २ वरून २.४ मिलिअँपिअर होतो. आधीच उजळलेल्या एलईडीत एवढी भर पडली तर एलडीआरला ती जाणवतही नाही. अंधारातून उजेडात येताना एलडीआरचा रेझिस्टन्स मेगाओहमवरून काही किलोओहमवर कोसळतो, ऑटो-वाहचा सगळा खेळ त्या उतारावर असतो. तुमचा एलडीआर तो उतार कधीच उतरून बसलाय.

तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हीच चूक मी अनेक सर्किटांमध्ये पाहिली आहे आणि सुरुवातीला स्वतःही केली आहे. तुम्ही रिलीजचा, म्हणजे एन्व्हलप ओसरायला लागणाऱ्या वेळेचा, हिशेब ४७ किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरड, म्हणजे ४७ मिलिसेकंद असा केला असणार. पण त्या कपॅसिटरला दुसरी वाट उघडी आहे. एलईडी चालू असेपर्यंत तो १ किलोओहममधून रिकामा होतोय, आणि १ किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरड म्हणजे फक्त १ मिलिसेकंद. दोन माथ्यांमध्ये १२ मिलिसेकंदांचं अंतर असताना कपॅसिटर एका मिलिसेकंदात ओसरतो. म्हणजे तो एन्व्हलप धरतच नाही, प्रत्येक आवर्तनाबरोबर खालीवर होतो. एलईडी सेकंदाला ८२ वेळा लुकलुकतो, एलडीआर त्यातलं जमेल तेवढं फिल्टरला पोचवतो, आणि फिल्टर नोटेच्याच फ्रिक्वेन्सीने थरथरतो. ती थरथर म्हणजे तुमची घुरघुर. १० मायक्रोफॅरड लावलात तर १ चे १० मिलिसेकंद होतील. घुरघुर कमी होईल, जाणार नाही. पहिल्या दोन तक्रारी तर जशाच्या तशा राहतील.

म्हणून साठवणीच्या कपॅसिटरनंतर बफर हवाच. कपॅसिटरवरचा व्होल्टेज नुसता पाहणारा, त्यातून काही न घेणारा. त्याशिवाय अटॅक (एन्व्हलप वर चढायला लागणारा वेळ) आणि रिलीजच्या आकड्यांना काही अर्थच राहत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर हे असं बांधलं असतं. ऑडिओच्या वाटेवर टीएल०७२ राहू द्या, एन्व्हलपसाठी वेगळा एलएम३५८ घ्या. त्याचं कारण पुढे येईल. गिटारनंतरच्या बफरवरून १०० नॅनोफॅरडमधून सिग्नल एलएम३५८ च्या पहिल्या भागाच्या प्लस इनपुटला द्या आणि ते इनपुट १०० किलोओहमने ४.५ व्होल्टला बांधा. फीडबॅकला २२० किलोओहम, आणि मायनस इनपुटवरून ४.७ किलोओहम व १ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये ग्राउंडला. गेन, म्हणजे सिग्नल कितीपट मोठा होतो तो आकडा, आला साधारण ४८. या २२० किलोओहमच्या जागी १० किलोओहम आणि त्याच्यासोबत सिरीजमध्ये २२० किंवा २५० किलोओहमचा पॉट लावलात तर तीच तुमची सेन्सिटिव्हिटी. ही नॉब हवीच. सिंगल कॉइल आणि हम्बकर या दोन प्रकारच्या पिकअपच्या आउटपुटमध्ये इतका फरक असतो की एका गिटारवर नीट बसवलेला ऑटो-वाह दुसरीवर एकतर झोपतो नाहीतर कायम उघडा राहतो.

पहिल्या भागाच्या आउटपुटवरून १ किलोओहम (हा अटॅकचा रेझिस्टर), मग १० मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, त्याची प्लस बाजू ऑप-अँपकडे. त्याच्या पलीकडच्या टोकावर दोन डायोड. एक ग्राउंडवरून या टोकाकडे, पट्टी टोकाच्या बाजूला. दुसरा या टोकावरून साठवणीच्या कपॅसिटरकडे, पट्टी कपॅसिटरच्या बाजूला. साठवणीला ४.७ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर १०० किलोओहम. कपलिंग कपॅसिटरने ४.५ व्होल्टचा बायस अडवला, त्यामुळे शांततेत साठवणीवर शून्य. शिवाय पहिला डायोड सिग्नलचा खालचा माथा ग्राउंडला खिळवतो, म्हणून दुसऱ्या डायोडला वरच्या आणि खालच्या माथ्यांमधलं सगळं अंतर मिळतं. २० मिलिव्होल्टची हळू नोट ४८ पट होऊन जवळपास १ व्होल्टचा माथा देते. माथ्यापासून माथ्यापर्यंत १.९ व्होल्ट. दोन डायोडांचे १.२ गेले तरी ०.७ व्होल्ट उरतात.

आता हे ०.७ व्होल्ट एलईडीला नुसते जोडले तर तो पेटणार नाही, त्याला १.८ लागतात. म्हणून एलएम३५८ चा दुसरा भाग असा वापरा: प्लस इनपुट साठवणीच्या कपॅसिटरला, आउटपुटवरून एलईडी, एलईडीनंतर ४७० ओहम ग्राउंडला, आणि मायनस इनपुट एलईडी व ४७० ओहम यांच्या सांध्याला. ऑप-अँप त्या सांध्यावर एन्व्हलपइतकाच व्होल्टेज राखण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी एलईडीचे १.८ व्होल्ट स्वतःच्या खिशातून घालतो. एलईडीमधला करंट म्हणजे एन्व्हलप भागिले ४७०. आपल्या ०.७ व्होल्टला १.५ मिलिअँपिअर मिळाले, आणि सुरुवात अंधारातून झाली. हाच भाग बफरही झाला, त्यामुळे साठवणीतून एलईडी काही पीत नाही. वरची मर्यादाही आपोआप येते. एलएम३५८ नऊ व्होल्टवर साडेसातच्या आसपास थांबतो, त्यातून १.८ गेले की ४७० ओहमवर जास्तीत जास्त ५.७ व्होल्ट, म्हणजे १२ मिलिअँपिअर. एलईडी सुखरूप.

या दोन डायोडांच्या रचनेबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. दोन डायोड आहेत म्हणजे फुल-वेव्ह (सिग्नलच्या दोन्ही बाजू वापरणारा), असं समजलं जातं. तसं नाही. व्होल्टेज दुप्पट मिळतो, पण साठवणीत चार्ज प्रत्येक आवर्तनात एकदाच पडतो. रिपलच्या, म्हणजे एन्व्हलपवर उरलेल्या लहरीच्या, दृष्टीने हा हाफ-वेव्हच (एकच बाजू वापरणारा). खरा फुल-वेव्ह दोन्ही माथ्यांवर भरतो, त्यामुळे जाड ई तारेचा रिपल ८२ ऐवजी १६५ हर्ट्झवर जातो आणि गाळायला सोपा होतो.

कपलिंग कपॅसिटर १० मायक्रोफॅरड का, तेही सांगतो. इथे तो बादलीसारखा काम करतो: प्रत्येक आवर्तनात स्वतःत मावेल तेवढाच चार्ज पुढे ओततो. तो साठवणीच्या दहाव्या हिश्श्याचा ठेवला तर साठवण भरायला वीसेक आवर्तनं लागतात. बारीक तारेवर ती चटकन उरकतात, जाड तारेवर पाव सेकंद लागतो. मग बारीक तारा चपळ आणि जाड तारा आळशी असा विचित्र ऑटो-वाह तयार होतो, आणि माणूस अटॅकच्या रेझिस्टरशी खेळत बसतो. कपलिंग कपॅसिटर साठवणीपेक्षा मोठा ठेवा, प्रश्न मिटतो.

आता रिपल आणि वेग. एन्व्हलप फॉलोअरमधला खरा निर्णय हाच आहे, बाकी सगळं जोडकाम. दोन माथ्यांच्या मध्ये कपॅसिटर किती ओसरतो याचा सोपा अंदाज म्हणजे आवर्तनाचा काळ भागिले टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर). ४.७ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम म्हणजे ४७० मिलिसेकंद. १२ ला ४७० ने भागा, अडीच टक्के. ऑटो-वाहमध्ये हे कानाला लागत नाही. तोच रिलीज ४७ मिलिसेकंद ठेवला तर पाव हिस्सा ओसरतो, आणि घुरघुर स्पष्ट ऐकू येते. म्हणून हिशेब कायम सगळ्यात जाड तारेवर करायचा. सात तारांच्या गिटारची बी तार ६१.७ हर्ट्झची, तिथे माथ्यांमधलं अंतर १६ मिलिसेकंद. बास गिटारची ई ४१.२ हर्ट्झची, तिथे २४. गिटारवर सुरेख चालणारा फॉलोअर बासवर घुरघुरतो तो याचमुळे, आणि दुप्पट रिलीज दिला की बहुतेक वेळा शांत होतो.

मग रिलीज भरपूर वाढवून मोकळं का होऊ नये? कारण मग फॉलोअर पुढची नोट ओळखत नाही. तुम्ही पटापट वाजवताय आणि एन्व्हलप मागच्या नोटेवरच टांगलेला, फिल्टर एकदा उघडला तो उघडाच. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. सुटलेली तार साधारणपणे घातांकी पद्धतीने विरते, आणि रेझिस्टरमधून रिकामा होणारा कपॅसिटरही तसाच ओसरतो. कपॅसिटर तारेपेक्षा थोडा जरी जलद असला, तरी तो प्रत्येक माथ्याला पुन्हा भरत तारेच्या उताराबरोबर चालत राहतो. मोकळी तार विरायला काही सेकंद घेते. म्हणून अर्ध्या सेकंदाचा रिलीजही सुटी नोट व्यवस्थित पाळतो. अडचण येते ती तळव्याने तारा दाबून वाजवताना किंवा झपाट्याच्या लयीत. तिथे १५० ते २०० मिलिसेकंद लागतात.

तेवढा जलद रिलीज हवा आणि घुरघुरही नको असेल, तर साठवण न वाढवता तिच्या पुढे दुसरी गाळणी लावा: साठवणीवरून १० किलोओहम, मग १ मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि तिथून बफर. ही १६ हर्ट्झवर कापते. ८२ हर्ट्झचा रिपल पाचव्या हिश्श्यावर येतो आणि किंमत मोजावी लागते ती अटॅकमध्ये साधारण १० मिलिसेकंदांची. ऑटो-वाहमध्ये हे १० मिलिसेकंद मला चांगलेच वाटतात. फार जलद अटॅकवर प्लेक्ट्रमच्या टकटकीने फिल्टर एकदम टोकाला उडी मारतो आणि तिथून घसरतो. थोडा सावकाश अटॅक दिला की फिल्टर उघडताना ऐकू येतो, तोंड उघडल्यासारखा. हा भाग कानानेच ठरवा. १ किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहम लावून बघा, मग १०. त्या दोन मिनिटांत जे समजेल ते आकडेमोडीतून समजणार नाही.

किती गुळगुळीत एन्व्हलप पुरेसा, हे मात्र तो कशाला हलवतोय त्यावर ठरतं. एलडीआर स्वतःच आळशी आहे. उजेड आल्यावर काही मिलिसेकंदांत खाली येतो, पण अंधार झाल्यावर वर जायला दहापट किंवा त्याहूनही जास्त वेळ घेतो. म्हणजे तो स्वतःच एक गाळणी आहे, जलद अटॅक आणि सावकाश रिलीजची. माइक बायगेल यांनी रचलेला म्युझिट्रॉनिक्सचा म्यु-ट्रॉन ३ हा १९७२ चा एन्व्हलप फिल्टर एलईडी आणि एलडीआरच्या जोडीवरच चालतो, आणि त्याच्या आवाजातला ओलावा बराचसा या आळसाचा आहे असं माझं मत. याची दुसरी बाजू अशी की एलडीआर असताना रिलीजची नॉब एका मर्यादेखाली फिरवून काही फरक पडत नाही. ती नॉब बिघडलेली नसते, एलडीआर तेवढा जलद नसतो.

ओटीए (करंटने गेन बदलणारा अँप्लिफायर) किंवा जेफेट (व्होल्टेजने रेझिस्टन्स बदलणारा ट्रान्झिस्टर) यांच्याकडे हा आळस अजिबात नाही. एलएम१३७०० या ओटीएला द्याल तो रिपल तो जसाच्या तसा आवाजात उतरवतो. कंप्रेसरमध्ये (जोराचा आवाज दाबून पातळी सारखी करणाऱ्या पेडलमध्ये) तर हे आणखी बोचतं, कारण गेनच रिपलबरोबर हलला की जाड तारांवर सरळ डिस्टॉर्शन ऐकू येतं. एमएक्सआरच्या डायना कॉम्प या कंप्रेसरमधला फॉलोअर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एक ट्रान्झिस्टर सिग्नलच्या दोन उलट प्रती काढतो, त्या दोन ट्रान्झिस्टरांच्या बेसला जातात, आणि ते आळीपाळीने एका १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून चार्ज ओढून घेतात. १५० किलोओहम तो कपॅसिटर परत भरतो. हा झाला फुल-वेव्ह, फक्त उलटा: जोराचा सिग्नल आला की व्होल्टेज खाली जातो, आणि सीए३०८० या ओटीएचा गेन त्याबरोबर उतरतो. टाइम कॉन्स्टंट दीड सेकंदाचा. ऑटो-वाहला एवढा रिलीज निरुपयोगी, कंप्रेसरला मात्र तोच नोट लांबवत नेतो.

प्रिसिजन रेक्टिफायरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शोधायला लागलात की पहिल्यांदा तोच दिसेल. डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये घातला की त्याचे ०.६ व्होल्ट जवळजवळ नाहीसे होतात आणि काही मिलिव्होल्टचा सिग्नलही रेक्टिफाय होतो. नॉईज गेटसारख्या (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणाऱ्या सर्किटसारख्या) ठिकाणी, जिथे अगदी क्षीण शेपटीवर निर्णय घ्यायचा असतो, तिथे तो जरूर वापरा. त्याच्या फुल-वेव्ह रूपात रेझिस्टर एक टक्क्याचेच घ्या. दोन बाजूंचा गेन जुळला नाही की एक माथा उंच, एक बुटका असं होतं आणि गेलेला ८२ हर्ट्झचा रिपल परत येतो. ऑटो-वाहला मात्र याची गरज मला कधी वाटली नाही. गेन भरपूर दिला की डायोडांचे १.२ व्होल्ट जाणवत नाहीत, उलट ते उंबरठ्याचं काम करतात: पिकअपची गुणगुण आणि सळसळ त्याखाली राहते आणि फिल्टर उगाच हलत नाही. उंबरठा कमी हवा असेल तर बॅट४६ सारखे शॉट्की डायोड लावा. जर्मेनियम डायोडही चालतात, पण ते उलट दिशेने गळतात आणि उष्णतेबरोबर ती गळती वाढते, त्यामुळे गरम स्टेजवर रिलीज बदललेला आढळतो. एन्व्हलपच्या कामात मी ते टाळतो.

आता एलएम३५८ का ते. टीएल०७२ च्या इनपुटला ग्राउंडच्या जवळ जाणं मानवत नाही. इनपुट खालच्या सप्लायच्या फार जवळ गेलं की त्याचं आउटपुट उलटतं आणि एकदम वर जाऊन बसतं. आपला एन्व्हलप शांततेत नेमका शून्यावर असतो. मी बांधलेला एक नॉईज गेट असाच वागत होता: मी थांबलो की सताड उघडायचा, वाजवायला लागलो की नीट चालायचा. दोन संध्याकाळी मी डायोड उलटसुलट करण्यात घालवल्या. दोष चिपच्या निवडीत होता. एलएम३५८ चं इनपुट ग्राउंडपर्यंत चालतं, आउटपुटही जवळपास तिथपर्यंत उतरतं. ऑडिओसाठी त्याचा आवाज खरबरीत, पण हा रस्ता कुणी ऐकत नाही, फक्त एलईडी पाहतो.

जाड तारा एन्व्हलपवर जास्तच दादागिरी करतायत असं वाटलं, तर पहिल्या भागातल्या ४.७ किलोओहमसोबतचा १ मायक्रोफॅरड काढून २२० नॅनोफॅरड लावा. खालच्या ई तारेच्या मूळ सुराला निम्म्याच्या आसपास गेन मिळतो, बारीक तारांना जवळपास पूर्ण. घुरघुरही थोडी कमी होते, कारण मूळ सुराइतकाच वरचा हार्मोनिकही मग माथे ठरवायला लागतो.

एलडीआर ब्रेडबोर्डवर उघडा असेल तर तो खोलीतला उजेडही पाहतोय हे विसरू नका. मेन्सवर चालणारे दिवे मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीने लुकलुकतात आणि ती गुणगुण फिल्टरमधून ऐकू येते. एलईडी आणि एलडीआर समोरासमोर चिकटवून काळ्या हीटश्रिंकमध्ये घाला आणि दोन्ही टोकं बुजवा. एलडीआरच्या पाठीमागूनही थोडा उजेड शिरतो. मग हा जोड दिव्याखाली धरून मीटरने रेझिस्टन्स पाहा. हाताने झाकल्यावर आकडा बदलला तर अजून फट आहे. दोन एलडीआर एकाच छापाचे असले तरी सारखे निघत नाहीत, म्हणून चारपाच मोजून घ्या. फिल्टरचा खालचा मुक्काम पक्का करायला एलडीआरला समांतर एक रेझिस्टर लावा, २२० किलोओहमपासून सुरुवात करून.

नव्या रचनेत एलईडीमधला करंट शून्यापासून १० मिलिअँपिअरपर्यंत उड्या मारणार आहे. त्याचा परतीचा रस्ता ऑडिओच्या ग्राउंडमधून गेला तर प्रत्येक छेडीला टप् असा आवाज येईल. ४७० ओहमचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट सप्लायच्या मायनसला न्या. टीएल०७२ चा आणि ४.५ व्होल्टच्या बायसचा सप्लाय १०० ओहममधून घ्या आणि त्यावर १०० मायक्रोफॅरड ठेवा. बॅटरीवर तर हे हवंच, कारण बॅटरी जुनी झाली की तिचा व्होल्टेज एलईडीबरोबर लवतो आणि बायस त्याच्यामागे जातो.

पेडलच्या रांगेत एन्व्हलप फिल्टर गिटारच्या सर्वांत जवळ ठेवा. फझ (आवाज मुद्दाम फाडणारा पेडल) आणि कंप्रेसर दोघंही नोटेची उंची सपाट करतात, आणि सपाट झालेल्या सिग्नलमधून एन्व्हलप काढणार कुठून? फझचा आवाज फिल्टरमधून जायलाच हवा असेल तर एन्व्हलपसाठी वेगळा जॅक द्या आणि त्यात फझच्या आधीचा स्वच्छ सिग्नल आणा. घरी बांधण्याचा मोठा फायदा हाच, तयार पेडलमध्ये ही सोय क्वचित मिळते.

तपासताना फिल्टर बाजूला ठेवा आणि फक्त साठवणीच्या कपॅसिटरकडे पाहा. संगणकाच्या साउंड कार्डवर चालणारा स्कोप इथे फसवतो, कारण त्याच्या इनपुटला कपॅसिटर असतो आणि सावकाश हलणारा डीसी त्यातून जात नाही. काट्याचा जुना मीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर डिजिटलही चालेल. त्याचा स्वतःचा १० मेगाओहम इथे १०० किलोओहमसमोर काही बिघडवत नाही. गिटार गप्प असताना काही मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. एलएम३५८ च्या इनपुटमधून बाहेर येणारा बारीकसा करंट १०० किलोओहमवर तेवढे उभे करतो, तो दोष नाही. हळू छेडल्यावर अर्ध्या ते एका व्होल्टपर्यंत, जोरात छेडल्यावर ४ ते ५ व्होल्टपर्यंत जाऊन सावकाश उतरला पाहिजे. शांततेत अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर आधी कपलिंग कपॅसिटरची दिशा पाहा, उलटा लागलेला इलेक्ट्रोलिटिक गळतो. तो बरोबर असेल तर गुणगुण गेन होऊन आत येतेय, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊन खात्री करा. हे आकडे जुळल्यावर फिल्टर जोडा, जाड ई तार जोरात छेडून तशीच वाजत ठेवा आणि शेपटीकडे कान द्या. तिथेही घुरघुर उरली असेल, तर ती १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडची दुसरी गाळणी आता लावा. साठवणीचा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा करायचाच असेल तर तो त्यानंतर करा, आणि तेव्हा कपलिंगचा २२ करायला विसरू नका.